विहिरीचं पाणी, खाडीचा मासा आणि लॅबचा रिपोर्ट : धातू मोजण्याआधी नमुन्याचं नेमकं काय होतं?

व्हॉट्सॲपवर एखाद्या लॅब रिपोर्टचा फोटो येतो. वर गावाचं नाव, खाली तक्ता, तक्त्यात ‘लेड’ किंवा ‘आर्सेनिक’समोर एक आकडा आणि त्याला लाल पेनानं गोल. खाली मेसेज : “बघा आपण काय पितोय!” तासाभरात तो फोटो तालुकाभर फिरतो. कुणी विहिरीवर जाणं थांबवतं, कुणी मासळी घेणं थांबवतं. दोन दिवसांनी दुसरा रिपोर्ट येतो, त्यात सगळं ‘नॉर्मल’. मग दोन गट पडतात आणि भांडण सुरू होतं.

या भांडणात एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. पाणी कोणत्या बाटलीतून नेलं होतं?

प्रश्न फालतू वाटेल, पण पाण्यातले आणि अन्नातले धातू मोजताना बऱ्याच चुका मशीनमध्ये होत नाहीत, त्या मशीनपर्यंत पोहोचण्याआधीच झालेल्या असतात. लॅबमधलं यंत्र कोट्यवधींचं असलं तरी तुम्ही त्याला जे दिलं तेच ते मोजणार. बाटलीच्या झाकणाला लागलेली धूळसुद्धा ते प्रामाणिकपणे मोजतं आणि विहिरीच्या नावावर टाकतं.

हे आगरसारख्या ठिकाणाहून समजून घेतलेलं बरं. डहाणूला लागून असलेलं हे समुद्राकाठचं गाव. कोकणात आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग, आणि मिठागरातलं आगरही तेच. एका बाजूला समुद्र आणि खाडी, दुसऱ्या बाजूला विहिरी आणि चिकूच्या वाड्या. जवळच डहाणूचं ५०० मेगावॅटचं कोळशावर चालणारं वीज केंद्र. दक्षिणेला तारापूरची औद्योगिक वसाहत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत तिचं नाव सगळ्यात वर होतं. आणि आता वाढवण बंदर. पाण्यात आणि माशात काय आहे, हा प्रश्न इथे कुणाला पडला तर त्याला वेड्यात काढता येणार नाही.

आकडा किती लहान असतो?

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे आयएस १०५००. त्यानुसार एका लिटरमध्ये शिसं जास्तीत जास्त ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० मायक्रोग्रॅम चालतं. आर्सेनिकलाही तेवढीच मर्यादा. कॅडमियम ३ मायक्रोग्रॅम, पारा फक्त १.

१० मायक्रोग्रॅम म्हणजे किती? १० हजार लिटरचा एक टँकर घ्या. त्यातलं पाणी शिशाच्या मर्यादेवर असेल, तर संपूर्ण टँकरमध्ये मिळून शिसं असेल १०० मिलिग्रॅम. तापावर घेतो त्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत जेवढं औषध असतं, त्याचा पाचवा भाग. टँकरभर पाण्यात.

आता उलटं बघू. समजा रस्त्यावरच्या धुळीत किलोमागे १०० मिलिग्रॅम शिसं आहे. पेट्रोलमधलं शिसं आपल्याकडे २००० साली बंद झालं, पण आधीचं शिसं मातीतून कुठे गेलेलं नाही, शिवाय जुने रंग आणि बॅटऱ्या आहेतच. या धुळीचे १० मिलिग्रॅम, म्हणजे बोटाच्या टोकाला चिकटेल एवढी चिमूट, १०० मिलिलिटरच्या बाटलीत पडली. तिच्यातून पाण्यात १ मायक्रोग्रॅम शिसं आलं. लिटरच्या हिशोबात ते झाले १० मायक्रोग्रॅम. विहीर स्वच्छ असली तरी रिपोर्ट थेट मर्यादेवर जाऊन टेकला.

त्यामुळे या कामात ‘स्वच्छ’ या शब्दाचा अर्थ घरातल्यापेक्षा वेगळा आहे. डोळ्यांना स्वच्छ दिसणं पुरत नाही.

मोजणारे मोठमोठे लोकही फसलेत

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. क्लेअर पॅटरसन हा शास्त्रज्ञ १९५०च्या दशकात उल्केतलं शिसं मोजून पृथ्वीचं वय काढत होता. त्याचे आकडे काही केल्या जुळेनात, प्रत्येक वेळी शिसं हवं त्यापेक्षा जास्त यायचं. शेवटी त्याच्या लक्षात आलं की शिसं उल्केत नाही, प्रयोगशाळेत आहे : हवेत, काचेत, ॲसिडमध्ये, माणसांच्या केसांत, कपड्यांत. त्यानं सगळी खोली घासूनपुसून नव्यानं उभी केली, तेव्हा कुठे १९५६ साली पृथ्वीचं वय सुमारे ४.५५ अब्ज वर्षं असल्याचं त्याला मांडता आलं.

पण आपल्या कामाची गोष्ट पुढची आहे. १९८० साली पॅटरसन आणि डोरोथी सेटल यांनी ट्यूना माशातलं शिसं मोजलं. त्याआधी एका सरकारी प्रयोगशाळेनं ताज्या ट्यूनाचा जो आकडा दिला होता, त्याच्या जवळपास हजारावा भाग एवढंच शिसं या दोघांना सापडलं. फरक माशात नव्हता, मासा कापण्याच्या, हाताळण्याच्या आणि विरघळवण्याच्या पद्धतीत होता. आणि याच चुकीमुळे दुसरी एक खरी गोष्ट झाकली गेली होती. शिशाचं डाग दिलेल्या डब्यातला ट्यूना खरोखरच शिशानं भरलेला होता, पण ताज्या माशाचाच आकडा फुगलेला असल्यामुळे डब्यातला मासा फारसा वेगळा वाटतच नव्हता.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपण समजतो की घाण नमुन्यामुळे फक्त खोटी भीती पसरते. पण सगळेच आकडे वर सरकले की जो खरा दोषी आहे तोही गर्दीत लपतो.

पाण्याचा नमुना : बाटली, ॲसिड आणि एक जुनी सवय

तर मग नीट नमुना घ्यायचा कसा?

बाटली चांगल्या प्रतीच्या पांढऱ्या प्लास्टिकची लागते, एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीनची. ती आधी साबणानं धुतात, मग साधारण १० टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये निदान रात्रभर बुडवून ठेवतात आणि नंतर अतिशुद्ध पाण्यानं अनेकदा खळबळतात. कोल्ड्रिंकची रिकामी बाटली, लोणच्याची बरणी, घरची स्टीलची कळशी यातलं काहीही चालत नाही. स्टीलमधून क्रोमियम आणि निकेल येतं, पितळेतून तांबं, जस्त आणि शिसं. रबरी बुचातून जस्त सुटतं. पावडर लावलेल्या हातमोज्यांतूनही जस्त येतं, म्हणून बिनपावडरचे नायट्राइलचे मोजे घालतात. सिगारेटच्या धुरात कॅडमियम असतं, त्यामुळे विडी ओढत नमुना घेणाऱ्याला तिथून लांब उभं करा.

पाणी कुठून आणि कधी घेतलं यानंही उत्तर बदलतं. रात्रभर नळात किंवा हातपंपाच्या पाइपात थांबलेलं पाणी पाइपाचं धातू घेऊन येतं. जीआय पाइप असेल तर जस्त आणि लोखंड, पितळी तोटी असेल तर शिसंही. जमिनीखालच्या पाण्याचा प्रश्न असेल तर हातपंप काही मिनिटं चांगला हापसून, थांबलेलं पाणी काढून टाकून मग बाटली भरायची. उलट, ‘माझं लेकरू सकाळी उठल्या उठल्या जे पाणी पितं त्यात काय आहे’ हा प्रश्न असेल तर सकाळची पहिली धारच घ्यायची. दोन्ही बरोबर आहेत, फक्त कोणतं घेतलं ते लिहून ठेवायला हवं. तलासरीच्या पाड्यांवर एकाच हातपंपाचे सकाळचे आणि दुपारचे आकडे वेगळे आले तर त्यात लगेच घोटाळा शोधू नका.

आता ॲसिड. धातूसाठीच्या पाण्याच्या नमुन्यात थोडं शुद्ध नायट्रिक ॲसिड घालतात, लिटरमागे साधारण दीड मिलिलिटर, म्हणजे पीएच २ च्या खाली जाईल एवढं. का? हातपंपाचं पाणी भरताना नितळ असतं आणि दुपारपर्यंत पिवळट होतं, हे तुम्ही पाहिलं असेल. जमिनीखाली विरघळलेलं लोह हवा लागताच गंजासारखं होऊन तळाशी बसतं. ते एकटं बसत नाही, सोबत आर्सेनिकलाही ओढून नेतं. शिवाय शिशासारखे धातू बाटलीच्या आतल्या भिंतीला चिकटतात. म्हणजे दोन दिवस तशीच ठेवलेली बाटली लॅबमध्ये पोहोचली आणि तिथे वरवरचं पाणी ओतून घेतलं, तर रिपोर्ट येतो ‘सगळं ठीक’. धातू बाटलीतच राहिलेले असतात. ॲसिडमुळे ते पाण्यात विरघळलेले राहतात आणि असा नमुना सहा महिन्यांपर्यंत टिकतो.

हे ॲसिड घरी हाताळायच्या भानगडीत पडू नका, त्वचा आणि डोळे दोन्ही जळतात. बऱ्याच लॅब ॲसिड घातलेल्या बाटल्याच देतात. आणि इथेच आपली जुनी सवय नडते. बाटली भरण्याआधी त्याच पाण्यानं तीनदा खळबळून घ्यायची, असं आपल्याला शिकवलेलं असतं. ॲसिडची बाटली तशी खळबळली की ॲसिड गेलं ओट्यावर. ती काठोकाठ भरून वाहू द्यायचीही नसते.

पारा मात्र या सगळ्यात नाठाळ. तो हवेत उडतो आणि साध्या पॉलिथिनच्या भिंतीतून ये-जाही करतो. त्याला काचेची किंवा टेफ्लॉनसारख्या प्लास्टिकची वेगळी बाटली आणि वेगळं रसायन लागतं, मुदतही कमी असते, साधारण २८ दिवस. सहा संयुजेचं विषारी क्रोमियम शोधायचं असेल तर ॲसिड घालायचंच नाही, कारण ॲसिडमध्ये त्याचं रूप बदलतं. थोडक्यात, “एकाच बाटलीत सगळं तपासून द्या” असं म्हणणाऱ्याला लॅबनं नाही म्हणायला हवं.

गाळण्याचा मुद्दा खाडीच्या पाण्यात येतो. गढूळ पाण्यातला धातू दोन ठिकाणी असतो : पाण्यात विरघळलेला आणि चिखलाच्या कणांवर बसलेला. दोन्ही वेगळे मोजायचे तर ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून पाणी जागेवरच गाळायचं आणि ॲसिड नंतर घालायचं. क्रम उलटा झाला तर ॲसिड कणांवरचा धातू सोडवतं आणि तो ‘विरघळलेला’ म्हणून मोजला जातो. भरतीच्या गढूळ पाण्याचा न गाळलेला आकडा आणि ओहोटीच्या संथ पाण्याचा गाळलेला आकडा शेजारी ठेवून “प्रदूषण वाढलं” म्हणणं ही सरळसरळ फसवणूक आहे, जाणूनबुजून असो की नसो.

मासा : डोकं धरायचं की नाही?

पाण्यापेक्षा अन्न अवघड. कारण पाणी जसंच्या तसं पितो, पण मासा आपण साफ करतो.

सुरमईची तुकडी आणि मांदेली यांचा नमुना एकाच पद्धतीनं घेता येत नाही. सुरमईचं आपण मांस खातो, म्हणून मांस घ्यायचं. छोटी मासळी आणि सुकट बहुतेक वेळा पोटासकट पोटात जाते. माशाच्या आतड्यात चिखल असतो, त्या चिखलात लोखंड, ॲल्युमिनियम, शिसं असतं. पोटासकट वाटला तर आकडा एक, साफ करून वाटला तर दुसरा. खेकड्याच्या मांसापेक्षा त्याच्या आतल्या तपकिरी भागात कॅडमियम कितीतरी जास्त असतं. रिपोर्टवर नुसतं ‘खेकडा’ लिहिलं असेल तर तो रिपोर्ट अर्धाच आहे.

तिसऱ्या आणि कालवांसाठी शास्त्रज्ञ एक युक्ती करतात. स्वच्छ समुद्राच्या पाण्यात त्यांना दिवसभर जिवंत ठेवतात, म्हणजे पोटातली रेती बाहेर पडते. आपल्याकडच्या स्वयंपाकघरात तिसऱ्या पाण्यात ठेवतात, तीच ही गोष्ट. कुणी पेपरात लिहिली नाही एवढंच.

माशाची लांबी आणि वजन लिहिणंही गरजेचं. पारा वयाबरोबर साठत जातो आणि मासे खाणाऱ्या मोठ्या माशांत जास्त असतो. यंदा मोठे मासे तपासले आणि पुढच्या वर्षी छोटे, तर पारा ‘कमी झाला’ असं दिसेल, खाडीत काहीही बदललेलं नसलं तरी. एकच मासा नेऊनही भागत नाही. एकाच आकाराचे अनेक मासे घेऊन त्यांचं मांस एकत्र करतात.

बंदरावरून मासा वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचा नाही. दुहेरी स्वच्छ प्लास्टिक पिशवी, बाहेरून बर्फ. कापायला शक्यतो सिरॅमिकची सुरी, कारण स्टीलची सुरी क्रोमियम-निकेल सोडू शकते. घरच्या मिक्सरमध्ये फिरवलेल्या माशात निकेल सापडलं तर आधी मिक्सरच्या पात्याकडे बघा. गोठवलेला मासा वितळताना जे पाणी सुटतं तेही टाकायचं नाही, त्यात धातू गेलेले असतात.

आणि आता सोशल मीडियावर सगळ्यात जास्त गोंधळ घालणारी गोष्ट : ओलं वजन की कोरडं वजन?

बहुतेक माशांत पाणी ७५ ते ८० टक्के असतं. संशोधक अनेकदा मासा वाळवून मोजतात आणि आकडा ‘कोरड्या वजनावर’ देतात. मर्यादा मात्र सहसा ओल्या वजनावर असते. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात माशातल्या शिशाची मर्यादा किलोमागे ०.३ मिलिग्रॅम आहे. समजा कोरड्या वजनावर आकडा आला १.० आणि माशात ८० टक्के पाणी होतं. ओल्या वजनावर तो होतो ०.२, म्हणजे मर्यादेच्या आत. पण हेडलाइन होते “तिपटीहून जास्त शिसं!” बोंबलात तर याहूनही जास्त पाणी असतं, त्यामुळे ओला बोंबील आणि काठीवर वाळलेला बोंबील यांचे आकडे शेजारी मांडणं म्हणजे द्राक्षं आणि मनुका एकाच तराजूत टाकणं. अर्थात सुका बोंबील खाणारा तो सुकाच खातो, पण मूठभर खातो. तो हिशोब वेगळा मांडायला हवा.

डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा नमुना घेतानाही हाच प्रश्न : धुऊन की न धुता, सालीसकट की सोलून? बागेत बुरशीसाठी बोर्डो मिश्रण मारलं असेल तर त्यातलं तांबं सालीवर बसलेलं असतं. न धुतलेल्या सालीचा आकडा फवारणीबद्दल बोलतो, सोललेल्या गराचा आकडा फळाबद्दल. कोणता प्रश्न विचारला ते आधी ठरवा.

‘पचवणं’ : मासा पाणी कसा होतो

यंत्राला मासा देता येत नाही, द्रव द्यावा लागतो. म्हणून नमुना ॲसिडमध्ये विरघळवतात. शास्त्रात याला पचनच म्हणतात.

हल्ली बहुतेक चांगल्या लॅबमध्ये साधारण अर्धा ग्रॅम वाळवलेला किंवा बारीक केलेला नमुना, काही मिलिलिटर नायट्रिक ॲसिड आणि थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड टेफ्लॉनसारख्या बंद भांड्यात घालून खास मायक्रोवेव्हमध्ये १८० ते २०० अंशांपर्यंत तापवतात. कुकरसारखंच, फक्त दाब बराच जास्त. तेल, प्रथिनं, साखर सगळं जळून जातं आणि स्वच्छ द्राव उरतो. भांडं पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडायचं नसतं. उघडलं की आत साठलेला तपकिरी विषारी वायू बाहेर येतो.

जुनी पद्धत म्हणजे भट्टीत ४५० ते ५०० अंशांवर जाळून राख करणं. स्वस्त आहे, काही धातूंसाठी चालतेही. पण पारा त्यात साफ उडून जातो, आर्सेनिकही जाऊ शकतं आणि तापमान वर गेलं तर कॅडमियम-शिसंही. भट्टीत राख करून ‘पारा आढळला नाही’ असं कुणी लिहिलं असेल, तर तो पारा छपरातून गेला आहे. ओव्हनमध्ये जास्त तापमानाला वाळवतानाही हाच धोका असतो, म्हणून कमी तापमानावर किंवा गोठवून वाळवतात.

एक छोटा हिशोब करू, कारण सगळा खेळ इथे उघडा पडतो. अर्धा ग्रॅम ओला मासा विरघळवून ५० मिलिलिटर केला. यंत्रानं दाखवलं लिटरमागे ३ मायक्रोग्रॅम शिसं. ५० मिलिलिटरमध्ये झाले ०.१५ मायक्रोग्रॅम, ते आले अर्ध्या ग्रॅम माशातून. म्हणजे ग्रॅममागे ०.३ मायक्रोग्रॅम, किलोमागे ०.३ मिलिग्रॅम. नेमकी कोडेक्सची मर्यादा. आता वापरलेल्या ॲसिडमध्येच थोडं शिसं होतं आणि त्यानं द्रावात लिटरमागे १ मायक्रोग्रॅमची भर घातली असं समजा. माशाचा खरा आकडा ०.२ होता, ॲसिडनं तो ०.३ केला. म्हणून या कामासाठीचं ॲसिड वेगळं, फार शुद्ध आणि फार महाग असतं.

हे पकडण्यासाठी लॅब ‘कोरा नमुना’ चालवते. मासा न घालता तेच भांडं, तेच ॲसिड, तीच उष्णता. त्यात जे येईल ते लॅबचं स्वतःचं पाप, ते वजा करायचं. पाण्यासाठी तर अतिशुद्ध पाण्याची एक बाटली विहिरीपर्यंत नेऊन, तिथे उघडून, भरून परत आणतात. दुसरी परीक्षा उलट दिशेची : नमुन्यात मुद्दाम ठरावीक धातू घालायचा आणि तो पूर्ण परत सापडतो का बघायचं. १०० घातले आणि ५५ सापडले तर वाटेत कुठेतरी गळती आहे. तिसरी परीक्षा म्हणजे आकडा आधीच माहीत असलेली पावडर. कॅनडाची नॅशनल रिसर्च कौन्सिल ‘डॉर्म’ नावानं माशांच्या प्रथिनांची अशी पावडर बनवते. आपल्याकडे नॅशनल फिजिकल लॅबोरेटरी ‘भारतीय निर्देशक द्रव्य’ या नावानं निर्देशक नमुन्यांची व्यवस्था चालवते. ही तीन उत्तरं ज्या लॅबकडे नाहीत तिच्या आकड्यावर रस्ता रोको करू नये, आणि निर्धास्तही होऊ नये.

आर्सेनिकची दोन फसवी रूपं

किनाऱ्यावरच्या लोकांनी ही गोष्ट खास लक्षात ठेवावी. समुद्री मासे आणि कोळंबीत एकूण आर्सेनिकचा आकडा पाण्याच्या मानानं भयंकर मोठा येतो. पण त्यातलं बहुतेक आर्सेनोबेटाइन नावाच्या रूपात असतं, जे शरीरातून जवळपास तसंच बाहेर पडतं. विषारी असतं ते अकार्बनी आर्सेनिक. कडक ॲसिडमध्ये सगळं पचवलं की ही रूपं एक होतात आणि फरक कळत नाही. तो कळायला नमुना हळुवारपणे, रूप न मोडता काढावा लागतो. म्हणून ‘कोळंबीत आर्सेनिक’ एवढ्यावर घाबरू नका, कोणतं आर्सेनिक ते विचारा. पाऱ्याचं उलट : माशाच्या मांसातला बहुतेक पारा मिथाइल मर्क्युरीच्या म्हणजे जास्त घातक रूपातच असतो.

दुसरा फसवा प्रकार यंत्रातला. आयसीपी-एमएस हे यंत्र धातू त्याच्या अणुभारावरून ओळखतं. आर्सेनिकचा भार ७५. यंत्रातला आर्गॉन वायू ४० चा, आणि मिठातला क्लोरीन ३५ चा. दोघे चिकटले की ७५! म्हणजे खारवलेला मासा किंवा खाडीचं पाणी दिलं की यंत्राला नसलेलं आर्सेनिक दिसू शकतं. आधुनिक यंत्रांत यावर उपाय आहे, पण तो सुरू केलेला असावा लागतो. समुद्राच्या पाण्यासाठी तर आधी खास रेझिनमधून मीठ वेगळं काढून धातू घट्ट करून घेतात.

मॅगी प्रकरणात कोर्टानं काय पाहिलं

हे सगळं प्रयोगशाळेपुरतंच आहे असं वाटत असेल तर २०१५ आठवा. कोलकात्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेच्या अहवालात मॅगीच्या नमुन्यात १७.२ पीपीएम शिसं दाखवलं गेलं, मर्यादा होती २.५. जूनमध्ये देशभर बंदी आली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि १३ ऑगस्ट २०१५ रोजी न्यायालयानं बंदीचा आदेश रद्द केला. कंपनीला बाजू मांडायची नीट संधी मिळाली नाही, हे एक कारण. आणि ज्या प्रयोगशाळांचे अहवाल पुढे केले होते त्या या चाचणीसाठी कायद्याला हव्या तशा मान्यताप्राप्त नव्हत्या, हे दुसरं. मसाल्याची पुडी वेगळी तपासायची की नूडल्ससोबत, म्हणजे खातात तशी, हाही वादाचा एक मुद्दा होता. न्यायालयानं मोहाली, हैदराबाद आणि जयपूरच्या मान्यताप्राप्त लॅबमध्ये नव्यानं तपासणी करायला सांगितलं आणि त्यात शिसं मर्यादेत आलं.

यात कोण जिंकलं यापेक्षा मला दुसरं दिसतं. देशाच्या पातळीवरची बंदी नमुन्याच्या आणि लॅबच्या प्रश्नावर टिकली नाही, तर ग्रामसभेत दाखवलेला फोटो किती टिकेल?

डहाणूत हे आत्ताच का महत्त्वाचं

डहाणू तालुका २० जून १९९१च्या अधिसूचनेनं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अनेक वर्षं त्याचे अध्यक्ष होते. म्हणजे पर्यावरणाचा वाद पुराव्यावर लढायची इथे जुनी सवय आहे.

आता वाढवण. केंद्रीय मंत्रिमंडळानं जून २०२४मध्ये सुमारे ७६ हजार कोटींच्या या बंदराला मंजुरी दिली, ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. बंदर म्हटलं की समुद्रात भराव आणि तळाचा गाळ काढणं आलं. धातू मुख्यतः बारीक चिखलावर बसतात, रेतीवर नाही. गाळ ढवळला की तो चिखल पाण्यात येतो. उद्या धाकटी डहाणूच्या किंवा तलासरीतल्या झाईच्या मच्छीमारानं म्हटलं की मासळीत धातू वाढले, तर पहिला प्रश्न येईल : आधी किती होते? तो ‘आधी’चा आकडा नीट बाटलीत, नीट सुरीनं, नीट वजनावर घेतलेला नसेल तर मच्छीमाराकडे बोट दाखवायला काहीच उरणार नाही. आणि बंदरवाल्यांवर खोटा आरोप झाला तर त्यांनाही तो खोडता येणार नाही. चिखलाच्या नमुन्यात तर अजून एक पेच आहे : सौम्य ॲसिडनं काढलेला आकडा आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिडनं सगळा दगडच विरघळवून काढलेला आकडा यांची तुलना होत नाही. आधी आणि नंतर पद्धत एकच हवी.

मग आपण काय करायचं?

पाणी तपासायचं असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबला आधी फोन करा आणि बाटली त्यांच्याकडूनच घ्या. मान्यता ‘लॅबला’ असून भागत नाही, त्या धातूला आणि त्या पदार्थाला असावी लागते. एनएबीएलच्या वेबसाइटवर प्रत्येक लॅबची यादी बघता येते.

रिपोर्टवर ‘बीडीएल’ किंवा ‘आढळले नाही’ लिहिलं असेल तर शेजारी बघा, यंत्राची मोजायची खालची हद्द किती आहे. पाण्यातल्या शिशाची मर्यादा ०.०१ आणि यंत्राची हद्द ०.१ असेल तर त्या ‘आढळले नाही’ला काही अर्थ नाही. साध्या फ्लेम प्रकारच्या यंत्रात असं सहज होतं.

खाण्याच्या पदार्थाबद्दल शंका असेल तर अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याच्या कलम ४० नुसार ग्राहकालाही फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. अधिकाऱ्यानं नमुना घेतला तर कलम ४७ नुसार त्याचे चार भाग होतात. एक विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राखून ठेवतात आणि चौथा, विक्रेत्यानं मागणी केली तर, मान्यताप्राप्त लॅबकडे.

आणि बाटलीवर पेन्सिलनं किंवा बाहेरच्या पिशवीवर मार्करनं एवढं लिहाच : जागा, तारीख, वेळ, भरती की ओहोटी, पंप किती वेळ हापसला, पाणी गाळलं की नाही, ॲसिड घातलं की नाही, नमुना कुणी घेतला. पुढच्या वेळी ग्रुपवर रिपोर्टचा फोटो आला की त्याखाली या गोष्टी विचारा. उत्तर येईपर्यंत फॉरवर्ड करायला घाई नाही.